दोषसिद्ध वकिलाची व्यवसायपात्रता

फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या वकिलाची सनद कायम ठेवावी, काही काळ थांबवावी की काढून घ्यावी, हे ठरवण्याची प्रक्रिया. भारतात ती अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली राज्याच्या बार कौन्सिलपुढे चालते. महाराष्ट्र व गोव्यासाठी ते एकच आहे. हेतू दुसऱ्यांदा शिक्षा करण्याचा नसून पक्षकार आणि न्यायालय यांना त्या वकिलावर भरवसा ठेवता येईल का, हे पाहण्याचा असतो.

नव्याने सनद मागणाऱ्यांसाठी कलम २४-अ आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किंवा अस्पृश्यताविषयक कायद्याखाली दोषी ठरलेल्याला सनद मिळत नाही. मात्र सुटकेनंतर दोन वर्षे उलटली की ही अपात्रता संपते. खुनाला आणि किरकोळ अफरातफरीला एकच मुदत लावणारी ही तरतूद ढोबळच म्हणावी लागेल.

आधीच सनद असलेल्याला कलम ३५ लागू होते. त्यात ‘व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन’ असे शब्द असल्याने कोर्टाबाहेरचा गुन्हाही कक्षेत येतो. तीन सदस्यांची शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद निलंबित करू शकते किंवा वकिलाचे नाव पटावरून कमी करू शकते. पक्षकाराचे पैसे खाणे, खोटे दस्तऐवज करणे, साक्षीदार फोडणे हे गुन्हे थेट व्यवसायाच्या मुळावर येतात. रागाच्या भरातल्या मारामारीचे तसे नाही. तिथे गुन्ह्याची परिस्थिती आणि नंतरचे वर्तनही पाहावे लागते.

या बाबतीत ऑस्ट्रेलियातील झीम्स खटला (१९५७) आजही उद्धृत होतो. दारूच्या अमलात गाडी चालवून एकाच्या मृत्यूस कारण ठरल्याबद्दल एका बॅरिस्टरला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली आणि त्याचे नाव पटावरून काढले गेले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते परत घेतले व कैदेच्या काळापुरते निलंबन पुरेसे मानले. दोषसिद्धीच्या नुसत्या नावावर न थांबता प्रत्यक्षात काय घडले ते पाहिले पाहिजे, असे बहुमताचे म्हणणे होते.

राजकीय शिक्षांनी हा प्रश्न वेगळ्याच बाजूने उभा केला. राजद्रोहाबद्दल मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झालेल्या गांधीजींचे नाव लंडनच्या इनर टेम्पलने त्याच वर्षी कमी केले; ते पुन्हा नोंदवले गेले १९८८ मध्ये.

भारतात खरी अडचण अंमलबजावणीची आहे. अवमानाची शिक्षा देताना न्यायालयाने परस्पर सनद निलंबित करू नये, तो अधिकार बार कौन्सिलचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ठरवले. पण कौन्सिल हललेच नाही तर? उत्तर प्रदेशातील एटा येथे न्यायाधीशाला धमकावणाऱ्या वकिलाच्या प्रकरणात हेच झाले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अपिली अधिकारात त्याची सनद पाच वर्षे निलंबित केली आणि कलम २४-अचा प्रतिबंध सनदधारकांनाही लागू होतो, असा निर्वाळा दिला. अधिनियमाचा फेरविचार करण्याची सूचनाही त्याच निकालात होती; विधी आयोगाने त्यावर २०१७ मध्ये २६६वा अहवाल दिला.

राज्य समितीच्या आदेशावर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते.