शाळेतील तपासणी आणि घरातील धाकटे मूल

वर्षातून एखाद्या दिवशी शाळेत डॉक्टर येतात. मुलांची रांग लागते, जिभा बाहेर निघतात, पापण्या खाली ओढून पाहिल्या जातात आणि संध्याकाळी एखाद्या मुलाच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी येते. ह्या चिठ्ठीचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. त्यातील सर्वांत मोलाचा धडा हैदराबादेत लिहिला गेला. पण आरंभ बडोद्याचा आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानास लागू केला. मूल सक्तीने शाळेत बसविले, की त्याच्या प्रकृतीची जबाबदारीही बसविणाऱ्यावर येते. पुढे तीनच वर्षांनी, १९०९ साली, बडोदे शहरात विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी झाली. आपल्या देशातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तेथूनच मानतात. इंग्लंडातील कायदा १९०७ सालचा, म्हणजे आपण फार मागे नव्हतो. मात्र तेथे निमित्त निराळे होते. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीस आलेले तरुण प्रकृतीच्या कारणाने मोठ्या संख्येने नाकारले गेले आणि सरकारला शाळेतील मुलांची आठवण झाली. शिपाई कमी पडल्यावाचून राज्यकर्त्यांना मुले दिसू नयेत, ह्याचे आश्चर्य वाटावयास नको.

बडोद्याचे अनुकरण मात्र फारसे झाले नाही. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला, तेव्हा देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असा तिचा निष्कर्ष होता. १९६० मध्ये रेणुका राय ह्यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्याचा विचार करण्यास स्वतंत्र समिती नेमली गेली. पुढच्या वर्षी तिचाही अहवाल आला. शिफारशींची आपल्याकडे कधीच वाण नव्हती.

आता हैदराबादेकडे वळू. १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन ह्यांनी बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी एक लहानशी प्रयोगशाळा थाटली. तीच वाढत जाऊन १९५८ मध्ये हैदराबादेस, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी तारनाक्यास, आली. त्या वेळी तिचे संचालक डॉ. व्ही. एन. पटवर्धन होते, त्यांच्यामागून डॉ. सी. गोपालन आले आणि १९६९ साली तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. येथील संशोधकांनी ज्या विकारांचा पिच्छा पुरविला, त्यांत अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारे अंधत्व हा एक होता.

हा विकार पायरीपायरीने येतो. प्रथम मुलाला तिन्हीसांजेस दिसेनासे होते. आपण त्याला रातांधळेपणा म्हणतो. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा एक ठिपका उमटतो. शेवटी बुबुळावरचा पारदर्शक पडदा मऊ पडतो आणि थोड्याच दिवसांत विरघळून जातो. मग कोणत्याही औषधाने दृष्टी परत येत नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की फेसाचा ठिपका बहुधा शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांत आढळतो, तर पडदा विरघळण्याचे संकट मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांवर, विशेषतः अंगावरून तुटलेल्या, कुपोषित किंवा नुकत्याच गोवरातून उठलेल्या मुलांवर कोसळते. म्हणजे डॉक्टरांना ठिपका दिसतो थोरल्याच्या डोळ्यात. खरा धोका असतो तो घरी अंगणात खेळणाऱ्या धाकट्याला. दोघांचे ताट एकच, आणि धाकट्याची तपासणी करणारी शाळा नाही!

हैदराबादच्या संशोधकांनी ह्यावर जो तोडगा काढला, तो शाळेच्या उंबरठ्याबाहेरचा होता. अ जीवनसत्त्व यकृतात साठून राहते. तेव्हा मोठी मात्रा एकदा दिली, की ती कित्येक महिने पुरते. ह्याच आधारावर १९७० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांची मात्रा तोंडावाटे देण्याचे ठरले. अर्थात ही उसनवारी झाली. रोजचा पुरवठा स्वयंपाकघरातूनच व्हावा लागतो. आपली अंबाडी, जिला तेलुगू शेजारीण गोंगुरा म्हणते, आणि परसातल्या शेवग्याचा पाला हे त्याचे स्वस्त भांडार. मात्र भाजीत थोडे तेल हवे. स्निग्धाशावाचून त्यातील सत्त्व अंगी नीट लागत नाही. पालेभाजीने लहानाचे पोट बिघडते, ह्या समजुतीने आपल्या कित्येक घरांतून ती नेमकी धाकट्याच्याच ताटात पडत नाही.

चिठ्ठीचा आणखी एक अडथळा हैदराबादकर मराठी माणसास सांगावयास नको. येथील पुष्कळ घरांत पणजोबा उर्दूतून शिकले, आजी मराठीतून, आणि नात तेलुगू किंवा इंग्रजीतून शिकते. शाळेने लिहिलेला कागद ज्या बाईने वाचावयाचा, तिला ती लिपी येते का, ही चौकशी कोण करतो?

६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमास आरंभ झाला. त्यात सरकारी शाळांतील मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतील बालकांची दोनदा तपासणी ठरविली आहे. धाकट्याचा पाळा अधिक, ही मला त्यातील शहाणपणाची गोष्ट वाटते. उपचार विनामूल्य आहेत, पण मुलाला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेणाऱ्या बापाची त्या दिवसाची मजुरी बुडतेच. घरची माणसे आली नाहीत, म्हणून त्यांना बेफिकीर ठरविण्यापूर्वी हा हिशेब मांडावा.

विरघळलेले बुबुळ आज सुदैवाने क्वचितच दृष्टीस पडते. परंतु जंत, फिकट पापण्या, अंगावरची खरूज ह्या गोष्टीही एका घरात एकाच मुलापाशी थांबत नाहीत. तेव्हा शाळेच्या चिठ्ठीत भावंडांसाठी एक रकाना असावा, असे मला वाटते. तो छापून येईपर्यंत गुरुजींनी रांगेतल्या मुलाला एवढे विचारले तरी पुष्कळ काम होईल, की बाळ, घरी तुझ्याहून लहान कोण आहे, आणि दिवेलागणीला ते ठेचकाळत तर नाही ना?