पिकासोच्या सिरॅमिक कलाकृतींचा संग्रह

स्पॅनिश चित्रकार पाब्लो पिकासो (१८८१–१९७३) याने आग्नेय फ्रान्समधील व्हालोरिस येथील मादुरा कार्यशाळेत मातीची ताटे, सुरया, फुलदाण्या व फरशा घडवल्या आणि रंगवल्या. यांतील एकमेव नग आणि त्यांवरून काढलेल्या मर्यादित आवृत्त्या या दोहोंचा जगभर संग्रह केला जातो.

पार्श्वभूमी

१९४६ मध्ये व्हालोरिसमधील प्रदर्शनात पिकासोची मादुराचे चालक सुझान व जॉर्ज रामिए यांच्याशी ओळख झाली. पुढील वर्षापासून तो तेथे नियमित काम करू लागला. घुबड, बैल, मासे, बोकड आणि मानवी चेहरे हे त्याचे आवडते विषय होते. आपली कला सामान्य माणसालाही विकत घेता यावी, हा आवृत्त्या काढण्यामागील एक हेतू होता.

आवृत्त्यांचे प्रकार

१९४७ ते १९७१ या काळात ६३३ रचनांच्या आवृत्त्या निघाल्या. एका आवृत्तीत साधारणतः २५ ते ५०० नग असत. त्या दोन पद्धतींनी तयार होत. पहिल्या पद्धतीत कारागीर मूळ नगाचा आकार व रंगकाम हाताने हुबेहूब उतरवत. दुसऱ्या पद्धतीत पिकासोने स्वतः कोरलेल्या प्लॅस्टरच्या साच्यावर ओली माती दाबून ठसा घेतला जाई. म्हणजेच आवृत्तीतील प्रत्येक नगाला पिकासोचा हात लागलेला नसतो. एकमेव नग आणि आवृत्ती यांच्या किमतींतील मोठी तफावत यामुळेच आहे.

ओळख व पारख

नगाच्या तळाशी किंवा मागील बाजूस ‘एदिसियों पिकासो’, ‘मादुरा प्लां फ’ किंवा ‘आंप्रांत ओरिजिनाल द पिकासो’ असे शिक्के आढळतात. यांतील शेवटचा शिक्का साच्यावरून घेतलेला ठसा दर्शवतो. बहुतेक आवृत्त्यांवर चित्रकाराची हस्तलिखित स्वाक्षरी नसते. त्यामुळे शिक्के, आवृत्तीचा क्रमांक असल्यास तो, आणि आलें रामिए यांची वर्णनात्मक सूची यांचा एकत्रित आधार घेतला जातो. आवृत्तीतील नगांची संख्या, झिलईची स्थिती, तडे आणि दुरुस्ती यांवर मूल्य ठरते.

प्रमुख संग्रह

‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो व त्यांच्या पत्नी शीला यांनी १९५४ पासून या कलाकृती जमवल्या. २००७ मध्ये त्यांनी आपला संग्रह इंग्लंडमधील लेस्टर येथील संग्रहालयास प्रदर्शनासाठी दिला. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या इटलीतील फाएन्झा येथील सिरॅमिक संग्रहालयाला खुद्द पिकासोने आपल्या कलाकृती भेट दिल्या होत्या. २०१२ मध्ये लंडनमधील क्रिस्टीज येथे मादुराच्या संग्रहाच्या लिलावातून ८० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमा झाली. सर्वसामान्यांसाठी काढलेल्या आवृत्त्यांपैकी अनेक आज त्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत.