उसनी धावपट्टी

विलेपार्ले आणि सांताक्रूझच्या पश्चिमेला, जुहूच्या किनाऱ्याच्या अलीकडे, उंच इमारतींच्या दाटीत एकाएकी आकाश मोकळे होते. कुंपणापलीकडे गवत दिसते, गवतामधून गेलेली काळसर पट्टी दिसते आणि अधूनमधून एखादे हेलिकॉप्टर कर्कश आवाज करीत वर चढते. हाच जुहूचा विमानतळ. भारतातील नागरी विमानवाहतुकीचा हा पहिला तळ आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. परंतु याच धावपट्टीवर, स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत, मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या, ही आठवण मात्र आता उपनगरांतील मोजक्या वृद्धांपुरती उरली आहे. ती नव्याने जागवण्याचे कारण केवळ कुतूहल नाही. ते कारण लेखाच्या अखेरीस सांगेन.

एकोणिसाव्या शतकात जुहू हे साष्टीच्या पश्चिमेस असलेले वाळूचे चिंचोळे बेट होते. ओहोटीच्या वेळी खाडी पायी ओलांडून तेथे जाता येई. पोर्तुगीज त्याला 'जुवें' म्हणत. भंडारी, आगरी, कुणबी आणि कोळी यांची तेथे वस्ती होती. १८५३ साली येथे सेंट जोसेफचे चर्च उभे राहिले. अशा या दलदलीच्या प्रदेशात १९२८ मध्ये विमानतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन, एका इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानातून येथेच उतरले. येथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. त्या काळी टाटांचे येथील कार्यालय म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी होती. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जाई आणि विमानांचा सारा संसार पुण्याला हलवावा लागे. म्हणजे ही जमीन मुळातच अशी, की कोणीही तिच्यावर कायमचा हक्क सांगू नये. समुद्र, शेतकरी, वैमानिक सगळेच तिचे पाहुणे.

दुसऱ्या महायुद्धात विमाने मोठी आणि जड झाली. जुहूपासून अवघ्या दोन-तीन किलोमीटरवर सांताक्रूझचा तळ वाढला आणि युद्धानंतर मोठी नागरी वाहतूकही तिकडे गेली. दोन्ही तळांच्या मुख्य धावपट्ट्या जवळपास पूर्व-पश्चिमच असल्यामुळे पुढे काही वैमानिकांची फसगतही झाली. जुलै १९५३ मध्ये एक 'कॉमेट' जेट आणि सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे 'डीसी-८' विमान, सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले. त्यांपैकी 'कॉमेट' काही दिवसांनी पुन्हा उडवून नेता आले. अशा तऱ्हेने मोठी विमाने निघून गेली आणि मागे उरली सुमारे अकराशे मीटर लांबीची पक्की, सपाट, सरळ धावपट्टी. वेगाचे वेड असलेल्या माणसाला आणखी काय हवे?

मोटारींच्या शर्यतीला विमानतळ सापडणे ही घटना केवळ आपल्याकडेच घडली असे नाही. महायुद्ध संपले तेव्हा जगभर शेकडो विमानतळ ओस पडले होते. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे बाँबफेकी विमानांचा असाच एक तळ होता. १९४७ मध्ये काही मित्रांनी तेथे आपसांत गुपचूप शर्यत लावली. मैदानात चरणारी एक मेंढी एका गाडीखाली सापडली, आणि त्या शर्यतीला गमतीने 'मटण ग्रां प्री' असे नाव पडले. दुसऱ्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९४८ रोजी, तेथे रीतसर ग्रां प्री झाली. गवताच्या पेंढ्या आणि तेलाचे रिकामे पिंप मांडून वळणे आखली होती. दोन धावपट्ट्यांवरून समोरासमोर येणाऱ्या चालकांची नजर विचलित होऊ नये, म्हणून मध्ये कापडी पडदे लावले होते. १३ मे १९५० रोजी जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत याच मैदानावर झाली. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील सेब्रिंग येथेही लष्करी विमानतळावर ३१ डिसेंबर १९५० रोजी सहा तासांची शर्यत भरली. इंजिनाच्या आकारमानानुसार सवलत देण्याचा तिचा नियम होता आणि त्या हिशेबाने विजयी ठरली ती 'क्रॉसली' नावाची, अवघ्या ७२४ घनसेंटिमीटर इंजिनाची चिमुकली गाडी.

तथापि, आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण कॅलिफोर्नियातील 'हॉट रॉड' गाड्यांचे आहे. जुनी, स्वस्त फोर्ड गाडी विकत घ्यायची, तिचे मडगार्ड, बॉनेट, जे जे काढता येईल ते काढून टाकायचे आणि इंजिनावर हात चालवून तिला पळवायचे, हा तेथील कामकरी घरांतील तरुणांचा छंद होता. युद्धापूर्वी ही मुले वाळवंटातील कोरड्या तळ्यांवर जात. युद्धानंतर परतलेल्या सैनिकांनी ही संख्या वाढवली आणि शर्यती रात्रीच्या वेळी शहरांच्या रस्त्यांवर येऊ लागल्या. अपघात झाले, बळी गेले. वर्तमानपत्रांतून या मुलांना गुंड ठरवण्यात आले.

त्यावर दोन उपाय शक्य होते. एक म्हणजे धरपकड आणि ती होतही होती. दुसरा मार्ग काही समंजस माणसांनी दाखवला. १९५० मध्ये सी. जे. हार्ट नावाच्या गॅरेजवाल्याने सहकाऱ्यांसह सँटा अ‍ॅना येथील विमानतळाची वापरात नसलेली धावपट्टी मागून घेतली आणि रविवारी तेथे शर्यती सुरू केल्या. वॉली पार्क्स या संपादकाने १९५१ मध्ये 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन केली. नियम साधे होते. शर्यत पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची. एका वेळी दोनच गाड्या. आधी गाडीची तपासणी होई : ब्रेक लागतात का, पेट्रोलची नळी गळते का, चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे का? तपासणीत नापास झालेल्या गाडीला धावपट्टी बंद. या संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे झाली, तीदेखील विमानतळावरच. सँटा अ‍ॅनाची धावपट्टी मात्र विमानांची वर्दळ वाढताच १९५९ मध्ये परत द्यावी लागली. उसन्या जमिनीचा हा स्वभावच आहे.

आता आपल्याकडे वळू. मद्रासजवळ शोलावरम येथे युद्धकाळातील एक धावपट्टी होती. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने तिला नावारूपाला आणले. कलकत्त्याकडे बराकपूरचा तळ, मुंबईला जुहू आणि मद्रासला शोलावरम अशी विमानतळांवरील शर्यतींची तीन ठिकाणे त्या काळी होती. प्रारंभी तेथे संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या परदेशी गाड्यांचा दिमाख असे. पुढे परकीय चलनाची टंचाई आली, आयातीवर कडक निर्बंध आले आणि परदेशी गाडी तर सोडाच, तिचा एखादा सुटा भाग मिळणेही दुर्लभ झाले.

येथेच खरी कहाणी सुरू होते. देशात तेव्हा मुख्यतः तीनच प्रकारच्या मोटारी मिळत : उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसॅडर, मद्रासची स्टँडर्ड हेरॉल्ड आणि आपल्या कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. तेथून बाहेर पडणारी १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची फियाट ११०० ही मध्यमवर्गीय कुटुंबाची, डॉक्टरांची आणि टॅक्सीवाल्यांची गाडी. हीच गाडी शर्यतीसाठी सोलून काढली जाई. मागची आसने, गालिचे, बंपर सारे उतरवायचे, कारण प्रत्येक किलो वजन वेग खाते. इंजिनाचे हेड खरवडून पातळ करायचे, म्हणजे दाब वाढतो. एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन बसवायचे. हवा आणि धूर यांच्या वाटा आतून घासून गुळगुळीत करायच्या, म्हणजे इंजिन मोकळा श्वास घेते. काहींनी तर मूळ सांगाडाच बाजूला ठेवून नळ्या जोडून नवा हलका सांगाडा केला आणि त्यात फियाटचे किंवा हेरॉल्डचे इंजिन बसवले. अशा घरगुती गाड्यांना 'स्पेशल' म्हणत. कॅलिफोर्नियातील हॉट रॉडची ही आपल्याकडची सख्खी भावंडेच.

धावपट्टीवरची शर्यत रस्त्यावरच्या गाडी चालवण्याहून निराळी. लांब सरळ पट्टीवर गाडी पूर्ण वेग घेते आणि टोकाला पिंपांनी आखलेल्या अरुंद वळणावर तिला एकदम आवरावे लागते. त्या काळच्या ड्रम ब्रेकना हा ताप सोसत नसे. काही फेऱ्यांनंतर ते तापून निकामी होऊ लागत. खरखरीत पृष्ठभाग टायर खाऊन टाकी. त्यामुळे जिंकणारा बहुधा सर्वांत वेगवान नसे. ज्याला आपल्या गाडीच्या मर्यादा ठाऊक असत, तोच शेवटपर्यंत टिके. शिवाय चूक झाली, तर आजूबाजूला झाड नाही, खांब नाही, पादचारी नाही. गाडी गवतात जाऊन थांबे. रस्त्यावर जी चूक प्राण घेते, ती येथे बहुतेक वेळा नुसती फजिती होऊन संपे.

या गाड्यांच्या चालकांची नावे चषकांवर कोरली गेली. ज्यांनी रात्र रात्र जागून हेड घासले, रस्त्यावरच्या गॅरेजात कंदिलाच्या उजेडात इंजिन पुन्हा जुळवले, त्या मिस्त्रींची नावे कोठे आहेत? आपल्या उपनगरांतील कित्येक घरांनी रेल्वेच्या, विमान कंपन्यांच्या आणि मोटारींच्या कारखान्यांत फिटर, टर्नर, वेल्डर म्हणून आयुष्य काढले. सहार, मरोळ, कुर्ला या परिसरातील गावठाणांच्या भोवतीच विमानतळ आणि कारखाने वाढले. हाताच्या या कसबाचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. आपल्या धर्मग्रामात असे एखादे वृद्ध मिस्त्री असतील, तर त्यांच्याजवळ बसून त्यांच्या आठवणी टिपून ठेवणे हे काम आजही करता येण्याजोगे आहे. उद्या ते करता येईलच, असे नाही.

या कसबाचे पुढे काय होऊ शकते, याचे उत्तर दक्षिणेने दिले. मद्रासच्या क्लबने उसन्या शोलावरमवर समाधान मानले नाही. इरुंगट्टुकोट्टै येथे स्वतःची जमीन घेऊन त्यांनी कायमचा मार्ग बांधला आणि १९९० मध्ये तो सुरू झाला. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन वापरून एका आसनाच्या स्वस्त शर्यती गाड्या तयार केल्या आणि नव्या मुलांना त्यांत बसवले. त्याच शहरातला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेला पहिला भारतीय ठरला. जुहूचे मात्र तसे झाले नाही. शहर वाढले, कुंपणाला इमारती भिडल्या, हेलिकॉप्टरांची ये-जा वाढली आणि धावपट्टी शर्यतींना अंतरली. मुंबईने त्या जागी दुसरी जागा दिली नाही. कुर्ल्याची फियाट, जी पुढे 'पद्मिनी' झाली, तिचे उत्पादनही थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने अखेरचा निरोप घेतला.

आरंभी सांगितलेले कारण आता सांगतो. जुहूची धावपट्टी मिटली, पण वेगाची ओढ मिटली नाही. वांद्र्याच्या रेक्लमेशनवर, पश्चिम द्रुतगती महामार्गावर मध्यरात्रीनंतर मोटारसायकलींच्या शर्यती लागतात. पोलीस नाकाबंदी करतात, गाड्या जप्त होतात, थोडे दिवस शांतता राहते आणि पुन्हा तेच सुरू होते. आपण वर्तमानपत्रात बातमी वाचतो, 'आजकालची मुले' म्हणून मान हलवतो. कधी कधी ती बातमी आपल्याच वाडीतली असते, आणि मग मान हलवण्याचे धैर्य उरत नाही.

रस्त्यावरची शर्यत हा गुन्हाच आहे, कारण तेथे निष्पाप पादचाऱ्याचा जीव पणाला लागतो. तिचे समर्थन करता येणार नाही. तथापि १९५० च्या त्या गॅरेजवाल्याला जे उमगले, ते आपण विसरू नये. त्याने मुलांना 'पळू नका' म्हटले नाही. 'येथे पळा, आणि आधी ब्रेक दाखवा' असे म्हटले. तपासणीच्या रांगेत उभा राहिलेला मुलगा आपली गाडी आपणच नीट करू लागला. वडीलधारी माणसे तेथे हजर राहिली आणि मुलाच्या छंदाची त्यांना लाज वाटेनाशी झाली.

मुंबईसारख्या शहरात मोकळी जमीन मागणे म्हणजे चंद्र मागणे, हे खरे. परंतु महिन्यातून एखाद्या रविवारी काही तासांपुरती जागा उसनी घेण्याची कल्पना अशक्य नाही. जुहूलाही ते तसेच घडले होते. आणि जागा मिळेपर्यंत निदान घराच्या अंगणात, मुलाने उघडलेल्या इंजिनाशेजारी बसून त्याला 'हे काय करतोस, मला सांग' असे विचारण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.