निंबोळीचा पुरावा

धान्यात कडुनिंबाचा पाला घालायचा, कपड्यांच्या पेटीतही तोच ठेवायचा, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिची नोंद करून ठेवावी असं कुणाला वाटलं नाही. ही नोंद किती मोलाची असते, ते पुढे युरोपात कळलं.

कडुनिंब प्रयोगशाळेत पोचला तो सावकाश. १९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी त्याच्या तेलातून निंबिन वेगळं केलं. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड येऊन गेली, तेव्हा कडुनिंबाची झाडं तेवढी हिरवी उरल्याचं हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाला दिसलं. १९६२ साली दिल्लीत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचं अगदी पातळ द्रावण पिकांवर फवारलं. टोळ उतरले, पण त्यांनी पिकाला तोंड लावलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेत डीडीटीसारख्या कीटकनाशकांवर बोट ठेवणारं रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झालं.

निंबोळीतलं मुख्य द्रव्य अझाडिरॅक्टिन. त्यानं कीड फवारल्याबरोबर मरत नाही. ती पान खाईनाशी होते, आणि खाल्लंच तर अळीचं कात टाकणं बिघडतं. उन्हात हे द्रव्य काही दिवसांत विरून जातं. डीडीटीच्या जमान्यात हा दोष वाटायचा. मग २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. कार्बारिल हे कीटकनाशक बनवण्यासाठी तो साठवलेला होता. झटपट मारणाऱ्या औषधांची किंमत त्या रात्री हजारो माणसांनी मोजली.

दहा वर्षांनी, १९९४ साली, कडुनिंबाच्या तेलानं पिकांवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचं युरोपीय पेटंट अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना मिळालं. वंदना शिवा, युरोपीय संसदेच्या सदस्य माग्दा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी त्याला हरकत घेतली. पण ‘आमच्याकडे हे पूर्वापार चालतं’ एवढ्यानं पेटंट रद्द होत नसतं. कुणी, कुठे, केव्हा, कशा पद्धतीनं वापरलं, ते दाखवावं लागतं. इथे कामी आली ती महाराष्ट्रातल्या एका उत्पादकाची साक्ष. अभय फडके यांनी पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ साली घेतलेल्या चाचण्यांची माहिती म्युनिकमध्ये मांडली. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झालं आणि मार्च २००५ मध्ये त्यावरचं अपीलही फेटाळलं गेलं.

या विजयाचा अर्थ आपण बरेचदा अर्धाच घेतो. ‘नैसर्गिक’ म्हटलं की हिशेब सुटतो. तंबाखूचा काढाही नैसर्गिकच, पण त्यातलं निकोटिन माणसालाही मारू शकतं. कडुनिंबाचं तेल पाजल्यानं तान्ह्या मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा आजीचा उपाय असो की कारखान्याची बाटली, दोघांनाही प्रश्न तेच विचारायला हवेत: किती, कशावर, कितीदा आणि परिणाम काय? ५ टक्के निंबोळी अर्क फवारणाऱ्यानं तारीख आणि प्रमाण वहीत टिपून ठेवलं, तर रीत टिकते आणि माणूसही जपला जातो.