देवघेव वहीतील नाव

शालेय ग्रंथालयातील बौद्धिक स्वातंत्र्याचा, म्हणजे हवे ते वाचण्याच्या मोकळिकीचा, इतिहास सहसा बंदी घातलेल्या पुस्तकांच्या अंगाने सांगितला जातो. पुस्तक नेणाऱ्याचे नाव कोठे उरले आणि ते कोणी पाहिले, हा त्याचा दुसरा अर्धा भाग मात्र दुर्लक्षितच राहिला आहे.

पहिला भाग परिचित आहे. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याचे शिक्षणखाते शाळांच्या ग्रंथालयांसाठी आणि बक्षिसांसाठी पुस्तके मंजूर करीत असे, त्यामुळे जुन्नरच्या शाळेत काय पोहोचावे याची निवड बरीचशी वरच होऊन जाई. सावरकरांच्या 1857 वरील ग्रंथावर 1909 मध्ये, तो छापून येण्यापूर्वीच, बंदी आली आणि ती 1946 पर्यंत टिकली. पुस्तक सरकारजमा करण्याचा जो अधिकार 1922 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत दाखल झाला, तो स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला, 2024 पर्यंत कलम 95 म्हणून. वाचकाच्या नोंदीविषयी मात्र त्यात चकार शब्द नाही.

ही नोंद किती काळ टिकते, हे देवघेवीच्या पद्धतीवर ठरते. नीना ब्राऊन या अमेरिकी ग्रंथपाल बाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि भारतातील महाविद्यालयांत रुळलेल्या पद्धतीत वाचकाला खिशासारखी तिकिटे मिळतात. पुस्तकातील कार्ड त्या खिशात सरकवून परतीच्या तारखेमागे ठेवतात आणि पुस्तक परत येताच कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हाती जाते, मागे काहीच उरत नाही. गोपनीयता हा तिचा हेतू नव्हता, सोय हा होता. तरी वाचकाचे रक्षण तिनेच अधिक केले. शाळेतील देवघेव वही याच्या नेमकी उलट वागते. पुस्तक हरवल्यास जबाब प्रभारी शिक्षकाला द्यावा लागतो, म्हणून नाव, इयत्ता, दाखल क्रमांक आणि सही असलेली ओळ परतीनंतरही पुसली जात नाही, नुसती रेघ मारून सोडली जाते. शहरात अशी ओळ अनोळखी राहते. पण पिंपरी पेंढारसारख्या गावात आडनावावरून घर ओळखू येते, आणि मासिक पाळीवरचे पुस्तक नेणाऱ्या नववीतल्या मुलीला तिच्यानंतर सही करणारा मुलगा वरची ओळ वाचेल, एवढी भीती पुरते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले. त्यानंतरचा 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक ठरवून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकाची संमती मागतो. म्हणजे जे वाचन वडिलांपासूनच लपवायचे असते, त्याबाबत तो फारसा उपयोगी नाही. शिवाय तो संगणकीय माहितीपुरताच आहे. कपाटातील कागदी वही त्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि ज्या दिवशी तिच्यातील ओळी संगणकात उतरवल्या जातात, त्या दिवशीच ती आत येते.