ग्राफिक्स कार्डाचं आजोळ

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन ‘फ्लाइट सिम्युलेटरसाठी कार्ड टाकायचंय’ असं सांगितलं, की जाणता दुकानदार आधी कार्ड दाखवत नाही, प्रश्न विचारतो. एसएमपीएस किती वॉटचा आहे? कॅबिनेटमध्ये एवढं लांब कार्ड मावेल का? आणि प्रोसेसर कोणत्या पिढीचा? पहिल्या दोन प्रश्नांत वीज आणि जागा यांचा हिशेब आहे. तिसऱ्यात सगळी मेख आहे. गोळीबाराच्या खेळासाठी कार्ड मागणाऱ्याला तो हा प्रश्न सहज विचारून पुढे जाईल, पण विमान उडवू पाहणाऱ्याला तो दोनदा विचारतो. त्याचं कारण पुढे येईलच.

आपला समज असा, की ग्राफिक्स कार्ड ही सर्वसाधारण वस्तू आणि सिम्युलेटर हे तिच्या अनेक गिऱ्हाइकांपैकी एक, जरा जास्त खादाड. मागोवा घेत गेलं तर नातं उलटं निघतं. कार्डातल्या चिपचं आजोळच मुळी वैमानिकांच्या शाळेत आहे.

गंमत अशी की त्या शाळेतल्या पहिल्या प्रसिद्ध यंत्राला खिडकीच नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते आणि हवेचा दाब वापरून लिंकने १९२९ मध्ये एक ठेंगणं विमान तयार केलं. दांडी हलवली की ते भात्यांवर डोलायचं, वळायचं, नाक वर-खाली करायचं. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीसारखंच खपलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचं काम पडलं आणि खराब हवेत, ढगांत वाट चुकून त्यांचे जीव जाऊ लागले. तेव्हा लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली. वैमानिकाला आत बसवून वरचं झाकण बंद करायचं, समोर फक्त तबकड्या. बाहेरचं काही न दिसता केवळ काट्यांवर विश्वास ठेवून उडणं, हाच तर धडा होता. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या निळ्या पेटीत बसून शिकले.

पण उतरताना धावपट्टी दिसावीच लागते. ती दाखवायची कशी?

युद्धाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाने एमआयटीकडे एक काम सोपवलं. कोणत्याही विमानाची नक्कल करू शकेल असं एकच यंत्र त्यांना हवं होतं. जे फॉरेस्टर यांच्या चमूने आधी चाकं, मोटारी आणि बदलत्या विद्युतदाबांनी गणित करणाऱ्या यंत्राचा विचार केला, मग तो सोडून थेट अंकांवर चालणारा संगणक बांधायला घेतला. तोच ‘व्हर्लविंड’. १९५१ मध्ये तो चालू झाला तोवर विमानाचा विषय मागेच पडला होता; कॉकपिट कधी जोडलंच गेलं नाही. राहिलं ते असं: दांडी हलताक्षणी उत्तर देणारा संगणक, त्याला जोडलेला पडदा आणि त्या वेगासाठी फॉरेस्टरने घडवलेली चुंबकीय कड्यांची मेमरी. इतर संगणक तेव्हा रात्रभर आकडेमोड करून सकाळी कागद हाती देत. वैमानिकाला सकाळपर्यंत थांबता येत नाही, ही साधी गरज या यंत्राच्या मुळाशी होती. त्याच परंपरेतल्या टीएक्स-२ या संगणकावर आयव्हन सदरलंड नावाच्या विद्यार्थ्याने १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ लिहिलं आणि पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेषा ओढून दाखवल्या.

विमान कंपन्यांना मात्र इतका दम नव्हता. त्यांनी भिंतीएवढ्या फळीवर विमानतळ आणि आजूबाजूचा मुलूख लहान प्रमाणात बांधून घेतला: टेकड्या, रस्ते, घरं, धावपट्टी, सगळं. फळीसमोर सरकत्या सांगाड्यावर टीव्हीचा कॅमेरा. वैमानिकाने दांडी ओढली की कॅमेरा त्या बाहुल्यांच्या गावावरून फिरायचा आणि चित्र कॉकपिटच्या काचेत उमटायचं. उजेडासाठी दिव्यांच्या रांगा लागत, आणि फळी संपली की जग संपलं. मला ही पद्धत आजही मोहक वाटते. तिच्यात निदान खरी सावली पडत होती.

सदरलंड पुढे युटा विद्यापीठात गेले आणि डेव्हिड एव्हन्स यांच्याबरोबर १९६८ मध्ये सॉल्ट लेक सिटीत त्यांनी कंपनी काढली, ‘एव्हन्स अँड सदरलंड’. तिची भाकरी पुढे प्रामुख्याने सिम्युलेटरवर भाजली गेली. विद्यापीठातल्या पोरांनी त्या काळात जे शोधून ठेवलं, त्यावर आजचं प्रत्येक कार्ड जगतं. हेन्री गूरो आणि बुई तुओंग फोंग यांनी सपाट तुकड्यांच्या आकृतीवर गोलाई भासेल अशी छटा कशी भरायची ते सांगितलं. एड कॅटमुल यांच्या १९७४ च्या प्रबंधात दोन गोष्टी आल्या: कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे हे प्रत्येक ठिपक्यागणिक अंतर नोंदवून ठरवायचं, आणि पृष्ठभागावर कापड ताणावं तसं चित्र चढवायचं. आज कार्डाच्या खोक्यावर अमुक जीबी मेमरी म्हणून छापलेलं असतं. त्यातला मोठा वाटा या चढवलेल्या चित्रांनाच लागतो.

विमान कंपन्यांना विकलेली या घराण्यातली सुरुवातीची यंत्रं फक्त रात्र दाखवत. आकृत्यांत रंग भरण्याएवढी ताकद नव्हती, पण काळ्या पडद्यावर प्रकाशाचे ठिपके नेमके उमटवता येत होते. रात्री उतरणाऱ्या वैमानिकाला तरी काय दिसतं? धावपट्टीचे दिवे आणि शहराचा लुकलुकाट. यंत्राच्या दुबळेपणाला शोभेल अशी वेळच निवडण्याची ही हुशारी फार पटते. दिवस उजाडायला आणखी काही वर्षं गेली, आणि दिवस दाखवणाऱ्या यंत्रांच्या किमती प्रचंड होत्या.

घराकडे येणारी वाट वेगळीच होती. इलिनॉय विद्यापीठात ब्रूस आर्टविक याने १९७५ मध्ये उड्डाणाचं दृश्य संगणकावर उभं करण्यावर प्रबंध लिहिला आणि दशक संपता संपता ते ॲपल-२ वर आणलं. जमीन म्हणजे चौकटींची जाळी, डोंगर म्हणजे दोन-तीन रेषा, सेकंदाला मोजकीच चित्रं. मायक्रोसॉफ्टने ते घेऊन १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी ‘फ्लाइट सिम्युलेटर’ बाजारात आणलं, शिकागोच्या मेग्ज फील्डवरून उड्डाण घेणारं. पडद्यावर रंग चार. तरी त्याने यंत्राचा शेवटचा कोपरा पिळून काढलेला असे. इतका, की दुसऱ्या कंपनीचा पीसी खरोखर आयबीएमसारखा आहे का हे पाहायला लोक दोन कार्यक्रम चालवत: लोटस १-२-३ आणि फ्लाइट सिम्युलेटर. एकाने हिशेब तपासायचा, दुसऱ्याने पडदा. खरं मेग्ज फील्ड २००३ च्या मार्चअखेरीस शिकागोच्या महापौरांनी रातोरात बुलडोझर लावून खणून टाकलं.

या सगळ्या काळात घरच्या संगणकात कार्ड फक्त चित्र पडद्यावर पोचवण्याचं काम करी. काढायचं सगळं प्रोसेसरने. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत जमिनीवर खऱ्याखुऱ्या चित्रांचं आवरण आलं, तेही त्याच्याच खांद्यावर. काढणारी चिप दुसऱ्या अंगणात वाढत होती. सदरलंड यांचे विद्यार्थी जिम क्लार्क यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी काढली. त्रिमितीचं गणित थेट सिलिकॉनमध्ये कोरलेली चिप, ‘जॉमेट्री इंजिन’, हे तिचं भांडवल. ही यंत्रं गिऱ्हाइकाला दाखवायची कशी? गॅरी टरोली नावाच्या अभियंत्याने १९८३ मध्ये त्यासाठी एक विमान उडवणारा कार्यक्रम लिहायला घेतला. पुढे त्याला जाळ्यावरून एकमेकांची विमानं पाडण्याची सोयही आली, आणि अभियंत्यांचे किती तास त्यात गेले ते त्यांच्या साहेबांनाच ठाऊक. इकडे सन कंपनीत ग्राफिक्सची चिप घडवणारा कर्टिस प्रीम होता. त्याने आपल्या चिपची ताकद दिसावी म्हणून एका सहकाऱ्याच्या जोडीने ‘एव्हिएटर’ नावाचा सिम्युलेटर लिहिला.

आता ही दोन नावं पुढे कुठे भेटतात पाहा. प्रीम, जेन्सन हुआंग आणि ख्रिस मालाकोव्स्की या तिघांनी १९९३ मध्ये एनव्हिडिया काढली. टरोली, स्कॉट सेलर्स आणि रॉस स्मिथ यांनी १९९४ मध्ये थ्रीडीएफएक्स काढली. नव्वदच्या दशकात घरगुती कार्डाच्या बाजारात ज्या दोन कंपन्यांनी एकमेकींच्या नरड्याला हात घातला, त्या दोन्हींच्या संस्थापकांत चिप विकण्यासाठी विमान उडवणारा एक-एक माणूस होता. हा योगायोग म्हणून सोडून द्यावा असं मला वाटत नाही. चिपला काय जमलं पाहिजे याची त्यांची कल्पनाच क्षितिज, भूभाग आणि वळण यांतून घडली होती.

थ्रीडीएफएक्सचं ‘व्हूडू’ १९९६ मध्ये आलं. मेमरीच्या किमती घसरल्या होत्या, म्हणून चार एमबी मेमरीचं कार्ड तीनशे डॉलरच्या आत बसलं. ते साधं चित्र काढतच नसे. आधीचं कार्ड तसंच ठेवून दोघांमध्ये मागच्या बाजूने केबल जोडायची. काही कंपन्यांच्या व्हूडूत यांत्रिक रिले असे. त्रिमितीचा खेळ सुरू झाला की कॅबिनेटमधून ‘खट्’ आवाज येई आणि मालकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटे. पुढच्या वर्षीच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर ९८’ पासून मायक्रोसॉफ्टनेही अशा कार्डांना काम दिलं. २००० च्या डिसेंबरात एनव्हिडियाने थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घेण्याचा करार केला आणि भांडण संपलं. त्याच एनव्हिडियाचं एक अभियांत्रिकी केंद्र आज पुण्यात आहे, तपकीर गल्लीपासून फार लांब नाही.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे. इतर खेळांत भिंती असतात, बोळ असतात, डोंगराआड काय आहे ते काढावंच लागत नाही. विमानाला आडोसा नाही. दहा हजार फुटांवरून हवा निर्मळ असेल तर क्षितिज सुमारे १९७ किलोमीटरवर असतं. म्हणजे पुण्यावर असताना मुंबई हिशेबाने नजरेच्या टप्प्यात आली. तेवढ्या मुलखातलं कोणतं घर नीट काढायचं, कोणतं नुसता ठोकळा, कोणतं गाळायचं, हे क्षणोक्षणी ठरवणं प्रोसेसरचं काम. शिवाय वारा, इंजिन, इतर विमानं आणि कॉकपिटातल्या डझनभर तबकड्या. या निर्णयांची यादी पोचेपर्यंत कार्ड हात बांधून बसतं. २००६ मध्ये आलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ने हे जगभरच्या शौकिनांना कटू पद्धतीने शिकवलं. त्याचं बहुतेक ओझं प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडे, आणि नेमका त्याच सुमारास प्रोसेसरवाल्यांनी वेग वाढवणं थांबवून गाभे वाढवायला घेतले. दुरुस्तीची आवृत्ती पुढच्या वर्षी आली, तरी महागडं कार्ड टाकूनही सेकंदाला वीस-पंचवीस चित्रांवर रांगणारे संगणक वर्षानुवर्षं दिसत राहिले. मायक्रोसॉफ्टने २००९ च्या जानेवारीत तो विभागच बंद केला. मूळ कार्यक्रमाचा परवाना लॉकहीड मार्टिनने घेतला आणि त्यातून प्रशिक्षणासाठी ‘प्रीपार३डी’ काढलं. खेळणं परत शाळेत गेलं.

२०२० च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने नवी आवृत्ती केली, तेव्हा जमीन घरात राहिलीच नाही. बिंगच्या नकाशांची उपग्रहचित्रं, त्यांवरून यंत्राने ओळखून उभी केलेली घरं, सगळं मायक्रोसॉफ्टच्या दूरच्या सर्व्हरवर, मागाल तेवढं ओघाने येणारं. तरी तबकडीप्रेमींसाठी युरोपात दहा डीव्हीडींचा संच निघाला, हे विशेष. म्हणजे आता कार्ड आणि प्रोसेसर यांच्याबरोबर ब्रॉडबँडही अपग्रेडच्या यादीत आला. मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे पूर्वेकडून येताना खालची उपनगरं आधी मेणासारखी वितळलेली दिसली आणि मग सावकाश आकार घेऊ लागली, तर दोष कार्डाचा नसून बहुधा इंटरनेटचा असतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपली चाळीसच्या मालिकेतली कार्डं जाहीर केली. त्यांची नवी करामत अशी, की दोन खऱ्या चित्रांच्या मधलं एक चित्र कार्डाने स्वतःच अंदाजाने काढायचं, प्रोसेसरला न विचारता. ही करामत दाखवायला त्यांनी जे खेळ निवडले, त्यांत फ्लाइट सिम्युलेटर होताच. जिथे प्रोसेसर अडून बसतो तिथेच तिचा फरक डोळ्यांत भरतो. दांडीला मिळणारा प्रतिसाद मात्र तिने वाढत नाही, कारण मधल्या चित्रात विमान खरोखर कुठे होतं हे कोणी मोजलेलंच नसतं. नजारे पाहत फिरणाऱ्याला ते चालतं. आडव्या वाऱ्यात चाकं टेकवायचा सराव करणाऱ्याने दुकानदाराच्या तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं आणि निम्मे पैसे प्रोसेसर नि रॅमसाठी बाजूला ठेवावेत.