एम्माची दोन लग्नं

अँग्लो-सॅक्सन आणि व्हायकिंग काळावर प्रेमकथा लिहायची, तर एम्मासारखी नायिका मिळणं कठीण. शत्रूच्या विधवेशी विजेत्या राजाचं लग्न! कादंबरीकाराला आणखी काय हवं?

एम्मा ही नॉर्मंडीच्या ड्यूकची बहीण. इ.स. १००२ मध्ये तिचं लग्न इंग्लंडचा राजा एथेलरेड याच्याशी झालं. इंग्लंडवर धाडी घालणारे व्हायकिंग नॉर्मंडीच्या बंदरांचा आसरा घेत. तो बंद व्हावा म्हणून ही सोयरीक. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला राजाने इंग्लंडमधल्या डेनिश लोकांच्या कत्तलीचा हुकूम सोडला. नव्या राणीची आई स्वतः डेनिश वंशाची होती!

१०१६ मध्ये एथेलरेड वारला आणि वर्ष संपता संपता डेनिश कनूट इंग्लंडचा राजा झाला. १०१७ मध्ये एम्मा त्याची राणी झाली. अँग्लो-सॅक्सन बखरीत या लग्नाची नोंद जेमतेम एका ओळीची आहे. राजाने आधीच्या राजाची विधवा, रिचर्डची मुलगी, बायको म्हणून आणवली, एवढंच. बहुतेक प्रतींत तिथे तिचं नावसुद्धा नाही.

पण पुढे १०४१-४२ च्या सुमारास एम्माने स्वतःच एका धर्मगुरूकडून लॅटिनमध्ये ग्रंथ लिहून घेतला. त्यात कनूट देशोदेशी वधू शोधतो, एम्माला मागणी घालतो, नजराणे पाठवतो. ती मात्र अट घालते : दुसऱ्या कुठल्याही बायकोच्या मुलाला गादी मिळणार नाही, अशी शपथ घे! (कनूटला आधीच्या बायकोपासून दोन मुलगे होते.) मंडळी, या जोडप्याची पहिली प्रेमकथा अशी राणीच्याच सांगण्यावरून लिहिली गेली. आणि एथेलरेडचा तर त्या ग्रंथात उल्लेखच नाही.

मला वाचताना अडखळायला होतं ते इथेच. कारण एथेलरेडपासून झालेले तिचे दोन मुलगे, एडवर्ड आणि आल्फ्रेड, तेव्हा समुद्रापलीकडे नॉर्मंडीत आजोळी होते. आई ज्या गादीसाठी अट घालत होती, तिच्यात त्यांचा वाटा नव्हता. कनूटच्या मृत्यूनंतर १०३६ मध्ये आल्फ्रेड इंग्लंडला आला, तेव्हा त्याला पकडून त्याचे डोळे काढले. त्यातच तो गेला. एडवर्ड १०४२ मध्ये राजा झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने आईची संपत्ती जप्त केली. आईने आपल्यासाठी फारसं काही केलं नाही, हा राग होता म्हणतात.

एम्माला दोष देणं सोपं आहे. पण नवरा गेलेला, राज्य शत्रूच्या हाती... अशा बाईपुढे किती वाटा होत्या? कदाचित पुढे कनूटवर तिचं खरंच प्रेम जडलंही असेल. १०५२ मध्ये ती वारली, तेव्हा तिला विंचेस्टरला त्याच्याच शेजारी पुरलं.

असो. अशी एखादी कादंबरी हाती आली, तर राजाराणीचं मीलन जरूर वाचा. फक्त मुलं त्या वेळी कुठे आहेत, तेही पाहत जा.